शेवटपर्यंत थांबलेली तीन माणसं

माझे धाकटे दीर चौतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाक एकदा कानाजवळ फिरवलं की मशीनचं कुठे दुखतंय ते त्यांना कळतं. माणसांच्या बाबतीत हे त्यांना आजवर जमलेलं नाही, असं माझी जाऊ म्हणते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, वाढेल, पण सावकाश. भाऊजींनी घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "हात जायच्या आत हातातलं कुणाला तरी द्यायला हवं." घरात घेणारं कुणी नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही, आणि माझी लेक बटण तुटलं तर सदरा बदलते.

पण तिनेच मार्ग काढला. खिळ्यांच्या डब्याला टेकवून तिने फोन उभा केला आणि सांगितलं, काका, तुम्ही काम करा, मी जगाला दाखवते. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला, पुढचेही तेवढेच. त्यातलं पहिलं मिनिट भाऊजी नुसतं मशीन पुसतात. लेक म्हणाली, एवढं काढून टाकू. ते म्हणाले, मळक्या मशीनला हात लावायला शिकवू का मी? मिनिट राहिलं.

आमच्या नातेवाइकांचा फोनवर गट आहे. मोठ्या नणंदबाई, म्हणजे आक्का, त्याच्या सर्वेसर्वा. त्यांनी हुकूम काढला की घरच्या माणसाला घरच्यांनीच उचलून धरायचं. तेव्हापासून दर व्हिडिओला बावन्न जण यायचे. उघडायचा, लाल बदाम दाबायचा, बंद करायचा. मीही तेच करी. सकाळी देवाला नमस्कार झाला की बदाम, मग चहा.

आठ महिने झाले, पण बावन्नाचे त्रेपन्न होईनात. भाऊजी मात्र खुशीत होते. बावन्न माणसं शिकतायत, हात गेला तरी चालेल, म्हणायचे.

एका रविवारी लेकीने आकडे उघडले. बघणारा माणूस सरासरी थांबत होता चार सेकंद. म्हणजे फडकं मशीनला लागायच्या आत सगळे पसार. तिने समजावलं ते असं, की ॲप आधी थोड्यांना दाखवतं. ते थांबले तर आणखी लोकांना दाखवतं, ते पळाले तर गुंडाळून ठेवतं. शिवाय बघणारे कसले आहेत ते पाहून तसलेच दुसरे शोधतं. आक्का दिवसभर मांजरांचे व्हिडिओ बघतात, त्यामुळे भाऊजींचं मशीन मांजरवाल्यांच्या दारोदार फिरत होतं.

देवासमोर हात जोडून लगेच निघालं तरी देव रागावत नाही. हे यंत्र सेकंद मोजत होतं.

आक्कांना सांगायचं माझ्यावर आलं, कारण थोरली सून मी.

"म्हणजे माझ्या भावाला मी बघायचं नाही?"

"बघा की आक्का. पण अकरा मिनिटं बघा."

"अकरा मिनिटं मशीन बघून मी काय करू गं?"

"मग उघडूच नका," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं. पण बंदी म्हणजे बंदी." संध्याकाळी गटावर हुकूम आला, आजपासून कुणीही व्हिडिओ उघडू नये, उघडणारा मला कळेल. कसा कळेल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या व्हिडिओला तीन माणसं आली. भाऊजी जेवता जेवता आकड्याकडे बघत राहिले. "तीन," एवढंच म्हणाले आणि भात न घेता उठले. चार दिवस फोन डब्याला टेकला नाही. घरच्यांनी चार सेकंदच बघितलं, हेच त्यांना जास्त लागलं होतं असं मला वाटतं. मला तोंड दाखवायची सोय नव्हती.

पाचव्या दिवशी लेकीने त्यांना हाताला धरून बसवलं. त्या तिघांनी अकराही मिनिटं बघितली होती. पुसण्याचंसुद्धा.

"कोण आहेत?" भाऊजींनी विचारलं.

"माहीत नाही, काका. आपले कुणी नाहीत."

त्यांनी उठून फोन पुन्हा उभा केला.

तिनाचे सात झाले, मग एकोणीस. कुणी शिवणकाम करणारी बाई विचारू लागली, खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडतात, काय करू? भाऊजींनी वरच्या दोऱ्याचा स्क्रू कसा आवळायचा त्यावर आख्खा व्हिडिओ केला. हात थरथरत होता, तेही दिसलं. आक्का मला फोन करून विचारायच्या, आज काय दाखवलं? मी सांगायची. सांगायला येण्यासाठी मला अकरा मिनिटं बघावं लागायचं.

परवा त्या बाईने फोटो पाठवला. टाक्याची खालची बाजू. फासे गेले, असं लिहिलं होतं. भाऊजींनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"कापडाला चुण्या पडल्यात. अर्धा फेरा जास्त आवळलाय तिने," म्हणाले, आणि एका बोटाने तिला तसं लिहायला बसले.