गंधक लावलेली करवली

उज्वलाच्या तोंडावर नववीत मुरमं उठली आणि बारावी झाली तरी हटली नाहीत. गालावर एक बसलं की कपाळावर दुसरं तयार. आमचं गाव निफाडच्या अंगाला, घरटी द्राक्षाची बाग. बागेत भुरी नावाचा रोग येतो, घडांवर राख फासल्यासारखा दिसतो. बागेतल्या बायांनी पोरीचं नावच भुरी पाडलं. ती म्हणायची, "पाडा. सातबाऱ्यावर थोडंच चढतंय ते."

शहाण्णव सालच्या थंडीत तिच्या थोरल्या भावाची, महेशची सुपारी फुटली. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. गावात पहिल्यांदाच लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होणार होतं, आणि तिथंच माशी शिंकली. घरात चुलती मंगलाबाईचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "करवली आमच्या संध्याला करू. करवली नवऱ्यामागं पाण्यानं भरलेला करा धरून उभी राहती, समद्यांची नजर तिच्यावर. कॅशेट जन्मभर राहती, बाई."

उज्वलाची आई कुसाबाई भाकरी थापत होती. तिनं पुढचा गोळा हातात घेतला. उज्वलाच बोलली, "सख्खी बहीण घरात असताना चुलत बहीण करा धरणार?"

"तोंड साफ कर, करा तुझा," मंगलाबाई म्हणाली.

"बरं," उज्वला म्हणाली. लय बोलणारी पोर एका शब्दावर थांबली, तेव्हाच कुसाबाईनं ओळखलं, आता हिला आवरणं कठीण.

शेजारची नवसाबाई म्हणजे औषधांचं गाठोडं. तिनं सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, पारोशी थुंकी लाव. उज्वलानं लावली. जायफळ दुधात उगाळून लाव. तेही लावलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं तोंड धू, नखं लावू नको, उशीला रोज धुतलेलं फडकं घाल. हे सगळं ती नेमानं करायला लागली. तळणाला हात लावीना. भजी समोर आली की उठून गोठ्यात जायची.

"म्हशीला बघून पोट भरतं व्हय गं?" महेश चिडवायचा.

"म्हैस तरी तोंडाकडं बघत नाय."

शिमग्यापर्यंत थोडा उतार पडला. पण थोडाच. लग्न जवळ येत होतं आणि मंगलाबाई येता-जाता तिची हनुवटी धरून उजेडाकडं फिरवायची, बाजारात वांगं बघावं तशी. ते बघणं पोरीला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एक दिवस उज्वला पडवीत गेली. तिथं गंधकाचं अर्धं पोतं पडलेलं होतं. द्राक्षावर भुरी आली की आम्ही गंधकाची भुकटी धुरळतो, रोग जागीच मरतो. तिनं हिशोब मांडला: वेलीची भुरी जाती, मग माझी का नाही जायची? मूठभर गंधक घेतलं, त्यात लिंबू पिळलं, तोंडाला फासलं आणि तशीच भर उन्हात बागेत कामाला गेली. चरचरायला लागलं तेव्हा तिला वाटलं, लागू पडतंय.

तिसऱ्या प्रहरी घरी आली ती लाल भोपळ्यासारखं तोंड घेऊन. डोळे सुजून बारीक झालेले. कुसाबाईनं हंड्यातलं पाणी तोंडावर ओतलं आणि ओतता ओतता शिव्या दिल्या, "वेल हायेस का तू? कातडं हाय ते, पान नव्हं."

निफाडच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि बजावलं, साध्या पाण्याशिवाय आता काही लावू नको, उन्हात जाऊ नको. कातडी सोलली, पापुद्रे गेले. उज्वलानं आरसा पालथा घातला नाही. रोज बघायची, जणू बागेची पाहणी.

आखाजी आली. तोंडावर नव्या कातडीचे गुलाबी चट्टे, आणि कपाळावर दोन ताजी मुरमं. मांडवात संध्या नटून उभी होती. मंगलाबाई पावडरीचा डबा घेऊन आली, तर उज्वला चिंचेनं लख्ख घासलेला तांब्याचा करा हातात घेऊन महेशच्या मागं उभी. वर नारळ, शेजारी पेटता दिवा.

"आपलं ठरलं व्हतं ना गं?" मंगलाबाई म्हणाली.

"ठरलं व्हतं. तोंड साफ नाय झालं, मलाबी दिसतंय. पण करा तोंडावर धरत नाय, काकी. हातात धरत्यात."

"आन् कॅशेट?"

"कॅशेटीत महेशची बहीण दिसल. तिचं तोंड असंच हाय."

बाशिंग बांधलेल्या महेशनं मान वळवली. "नारळ नीट बसव, हलतोय," एवढंच बोलला.

संध्या हळूच पाटावर टेकली. "बरं झालं बया, माझे हात भरून आले असते."

शूटिंगवाल्यानं मोठा दिवा उज्वलाच्या तोंडावर मारला. "ताई, पदर जरा गालावर घ्या."

"हात गुंतलेत, दादा. तुम्ही आपलं शूटिंग काढा."

आणि ती सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघत राहिली.

पुढं ती सिन्नरला नांदायला गेली. वय वाढलं तशी मुरमं आपोआप ओसरली, व्रण मात्र राहिले. आता गल्लीतल्या पोरी ओढण्या तोंडाला गुंडाळून तिच्याकडं येतात, काही उपाय सांगा म्हणतात. ती कडुलिंबाचं पाणी सांगते, नखं लावू नका म्हणते, सुजलं तर डॉक्टरकडं धाडते. वर एक ठरलेलं वाक्य: "शेतातलं औषध शेतात."

मागं महेशनं त्या कॅसेटीची सीडी करून आणली. उज्वला माहेरी आलेली, सगळे बघायला बसले. मंगलाबाई म्हातारी झाली होती, चष्मा सावरत म्हणाली, "किती लाल दिसतंय गं तोंड."

उज्वला शेंगा सोलत होती. "तोंड राहू द्या, काकी. करा बघा. हलला का?"

मंगलाबाई पुढं वाकून बराच वेळ बघत राहिली.

"नाय हलला," म्हणाली.