मुलीकडचा पाहुणा

बारामतीच्या एमआयडीसीतली माझी कंपनी बंद पडली, मी मात्र चालूच राहिलो. सकाळी आईच्या हातचा डबा घ्यायचा, मोटारसायकलला किक मारायची आणि निमगाव केतकीहून थेट बारामतीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचं. संध्याकाळी दमलेलं तोंड करून परत. आईला कळलं तर ती हाय खाईल, म्हणून हा सगळा खटाटोप. दमलेल्या तोंडासाठी फार कष्ट पडत नसत. स्टँडवरचं बाकडं कंपनीपेक्षा जास्त दमवतं.

पगारातून विमा कापला जायचा, त्यामुळं नोकरी गेल्यावर काही काळ भत्ता मिळतो असं कळलं. दुसरं काम लागेपर्यंत तेवढाच आधार. गुपचूप अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण वाचून हसावं की रडावं कळेना : गावात चौकशी केली असता अर्जदार रोज कामावर जात असल्याचे आढळले.

उलगडा शेजारच्या तात्यांनी केला. "एक इस्त्रीच्या कापडातला गडी आलता. पोरगं काय करतं, कुठं जातं, इचारत व्हता. मला वाटलं पोरीकडचा! म्हणलं, परमनंट हाय, रोज डबा घिऊन जातो. च्या बी पाजला त्याला."

लग्नाच्या पोराची चौकशी करणारा अनोळखी माणूस आमच्याकडं दुसरा कोण असणार? एरवी मला उधार चहा न देणाऱ्या टपरीवाल्यानंही त्या दिवशी मला सुपरवायझर करून टाकलं होतं. असा संताप आला म्हणून सांगू! पण भांडणार कुणाशी? शेवटी तात्यांना सगळं खरं सांगितलं आणि अपिलाच्या सुनावणीला साक्षीला चला म्हणालो. तात्या नुसतं "बरं" म्हणाले.

सुनावणीत साहेबांनी सरळ विचारलं, "हा कामावर जातो की नाही?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू जरा भाईर थांब."

मी दाराबाहेर उभा राहिलो. पण तात्यांचा आवाज कालव्यापल्याडच्या माणसाला हाक मारणारा, दाराला काय जुमानतोय?

"न्हाय जात, साहेब. स्टँडवर बसतो. म्या बघितलंय. त्याच्या आईलाबी ठावं हाय. तिनंच समद्या आळीला सांगितलंय, कुणी इचारलं तर कामावर जातो म्हणा. आन् आपल्याला कळलंय ह्ये पोराला कळू दिऊ नका, त्याला वाईट वाटंल."

व्हरांड्यात, चारचौघांत मला रडू फुटलं. डोळेही पुसले नाहीत.

पुढं अपील मंजूर झालं, भत्ताही आला. सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी मात्र घरी गेलो तेव्हा आईनं रोजच्यासारखं विचारलं, "दमलास का रं?"

"आई, कंपनी बंद पडलीय."

"व्हय?" म्हणत तिनं माझ्या हातातला डबा घेतला आणि घासायला बसली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मग उद्या घरीच जेव. भाकरी गरम तरी मिळंल."