माळवदावरचे दिगंबर मास्तर

दिगंबर मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघतं आहे, तुम्हीही चार ओळी लिहून द्या, असं सांगायला समितीची मंडळी दारात आली तेव्हा मला आधी वाटलं, ही समारंभाच्या पापडांसाठी आली. पीठ किती भिजवू, इथवर माझं बोलून झालं होतं. मग कळलं, पापड नकोत, लेख हवा. पुस्तकात वकील, डॉक्टर, हेडमास्तर अशी शिकलेली माणसं लिहिणार, आणि माझी शाळा दुसरीत संपलेली. पण मास्तर आमच्या माळवदावर बसून पोरं कशी निवडायचे, ते माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही. म्हणून लिहिते. चुकलं-माकलं पोटात घाला.

आमचं घर जालन्यात मैदानाला लागून आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या एका थंडीतली गोष्ट. मी घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर, मिरच्या वाळत घालत होते. खाली दारात कुणीतरी घसा साफ केला. वाकून बघते तो डोक्याला काळी टोपी, गळ्यात शिट्टी, पायात कापडी बूट, असे एक गृहस्थ उभे.

"अक्का, वर येऊ का?"

"वर काय हाय?"

"वरून मैदान दिसतं."

"आन् खालून न्हाई दिसत?"

"खालून पोरं दिसतात. मैदान न्हाई दिसत."

म्हटलं, "या. पण मिरच्या हायत, ठसका लागंल." ते म्हणाले, लागू द्या. आणि लागला. तो पहिला सामना मास्तरांनी डोळ्यांतून पाणी गाळत बघितला. खाली लोकांत बोलणं झालं, की हरलेल्या पोरांसाठी मास्तर किती रडून राह्यले बघा! तिथून त्यांचं नाव झालं. मिरच्यांचं कुणी नाव काढलं नाही.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे आणि हाकी शिकवायचे. हाकी म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पलटणीतल्या लोकांचं बघून आमच्याकडची पोरं तो खेळ शिकलेली. ज्याला काठी मिळायची नाही तो बाभळीची वाकडी फांदी घ्यायचा. चुलीसाठी आणलेल्या लाकडांतली वाकडी तेवढी घरोघर गायब व्हायची, सरळ राहायची. दर थंडीत जालन्याच्या लहान पोरांचा संघ हैदराबादेला सामने खेळायला जायचा, आणि तो निवडायचं काम मास्तरांकडं. मैदानात मंडप असायचा, मोठ्या लोकांसाठी खुर्च्या असायच्या. मास्तरांचीही असायची. ते तिच्यावर कधी बसले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आणलेला हार लोक खुर्चीवरच ठेवायचे. एका साली तो बकरीनं खाल्ला.

हळूहळू मास्तरांनी मला कामाला लावलं. म्हणाले, "अक्का, मला दोनच डोळे. तो लाल सदऱ्यातला तुम्ही बघा." मी आपली चेंडू जाईल तिकडं मान वळवायची. ते म्हणायचे, चेंडू बघू नका, पोरगं बघा, चेंडू दुसरीकडं गेला तरी पोरगं सोडू नका. हे सोपं नाही हो! करून बघा. मग मला माझ्या परीनं उमगलं. लग्नात सगळे नवरीकडं बघतात, पण विहिणीकडं बघितलं की घर कळतं. तसंच हे. त्या लाल सदऱ्याचं मी सांगितलं, "चेंडू लांब गेला की हा मोजे वर वढत बसतो." मास्तर हसले नाहीत. "बराबर," म्हणाले, आणि सामना संपल्यावर त्या पोराला घट्ट मोजे आणून दिले. पुढं तो पोरगा असा पळाला म्हणता!

दर साली आमच्या माळवदावर चढायचं, तर फुकट चढायचं नाही, असाही मास्तरांचा बाणा. पावसाळ्याच्या तोंडाला ते पोरांना घेऊन यायचे, पांढऱ्या मातीची टोपली स्वतः डोक्यावर घ्यायचे आणि माळवद चोपून द्यायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "आमच्या पायानं गळलं तर आमच्याच हातानं बुजवायचं." तेव्हापासून आमच्या घरात थेंब गळला नाही. शेजारीण म्हणायची, तुम्ही हाकी पाळली हो, आम्ही नुसती मांजर पाळली.

आता त्यांची सगळ्यात मोठी रीत सांगते. संघ निवडला की ज्यांची निवड झाली त्यांच्या घरी पेढे घेऊन सगळे जातात. मास्तर तिथं जायचे नाहीत. जे पोर राहिलं, त्याच्या घरी ते दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे. दारात उभं राहून पोराचं नाव अहोजाहोनं घ्यायचे, "गणपतराव हायत का घरात?" आत बसायचे, पाणी मागायचे, आणि त्या पोराच्या खेळात काय बघितलं, काय आवडलं, काय कमी पडलं, ते त्याला एकट्याला सांगायचे. पोरं ते बोलणं साल-साल जपायची. पण आयांना काय, मास्तर गल्लीत शिरले की धडकी! एका बाईनं तर त्यांना लांबून बघितलं, धाडकन दार लावलं आणि आतून ओरडली, "आम्ही घरात न्हाई!" मास्तर पायरीवर टेकले आणि म्हणाले, "काही हरकत न्हाई, येईपर्यंत बसतो." शेवटी तिलाच हसू फुटलं आणि दार उघडलं.

तर असं सगळं छान चाललेलं असताना माझा नातू किसन मोठा झाला. तो शिकायला माझ्याकडं राहिलेला, आणि हाकीत मैदानाच्या डाव्या काठानं पळायचा. मास्तरांचा लेक सुधाकरही डाव्या काठानंच पळायचा. त्या साली निवडीचा शेवटचा सामना होता. दोन संघ पाडले होते, एकात हा, दुसऱ्यात तो. मास्तर शिडी चढून आले, बसले, बूट झटकले आणि म्हणाले, "अक्का, डाव्या काठाला एकच जागा राह्यली. तुमचा किसन, न्हाई तर आमचा सुधाकर."

मी उठलेच. "मंग मी खाली जाते."

"खाली कशाला? तुम्ही सुधाकरला बघा. मी किसनला बघतो."

"तुमच्या पोराला मी बघू?"

"आपलं पोरगं आपल्याला दिसत न्हाई, अक्का. एक तर लई मोठं दिसतं, न्हाई तर लई लहान. घरच्याला घरच्यानं बघायचं न्हाई."

शिट्टी झाली. मी सुधाकरला धरला. काय पळायचं ते पोर! हरणाच्या पाडसासारखं. समोरच्याच्या काठीखालून चेंडू असा काढायचं, जसं लोणी काढावं. तेवढ्यात पलीकडून "किसनऽ, किसनऽ" असा गलका झाला. माझी मान अर्धी वळली. मास्तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "अक्का." मी मान परत आणली. काय सांगू, बाळंतपणात सोसलं नाही इतकं त्या एका मानेनं सोसलं.

सामना संपला. "सांगा," मास्तर म्हणाले. मी सुधाकरचं पळणं सांगितलं, चेंडू काढणं सांगितलं, अगदी तोंड भरून सांगितलं. आणि थांबले. कारण पुढचं सांगितलं असतं तर त्यात माझ्या नातवाचं भलं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघायला नको होतं.

"बस?"

"बस."

मास्तरांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "अक्का, तुम्ही मघापासून वाळलेल्याच मिरच्या उलथून राह्यल्या. जे बघितलं ते सांगा. ते कुणाच्या फायद्याचं, ते माझ्यावर सोडा."

मग सांगितलं. सुधाकर काही चांगलं करायचा, की लगेच तोंड वर करून आमच्या माळवदाकडं बघायचा. दर वेळी. एकदा असंच वर बघत असताना चेंडू त्याच्या पायाजवळून निघून गेला आणि गोल झाला.

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "तुमच्या किसनला तेवढा वेग न्हाई. पण चेंडू गेला की तो मागं पळतो. खाली मुंडी घालून. कुणी बघो, न बघो."

आता माझंच मला कळेना. मी भांडायला लागले सुधाकरच्या बाजूनं! "मास्तर, तुमचाच घ्या. लेकरू हाय, बापाकडं बघितलं तर काय बिघडलं?"

"हैदराबादेला आपलं माळवद न्हाई, अक्का. तिथं कुणाकडं बघंल तो?" एवढं बोलून ते शिडी उतरले. नाव कुणाचं लिहिलं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसन उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "आजी, मास्तर आले तर सांग, मी घरात न्हाई." मला घरात बसवेना. पदरात बोरं घेतली आणि मास्तरांच्या घरी यमुनाबाईंकडं गेले. यमुनाबाई म्हणजे मास्तरांच्या मंडळी, मोठ्या जिभेची आणि मोठ्या मनाची बाई. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

"सुधाकरराव हायत का घरात?"

यमुनाबाई म्हणाल्या, "अगं बाई, आवाज तर ह्यांचाच! आत्ताच तर इथून गेल्ते." बोलता बोलताच त्यांना कळलं. मलाही कळलं.

सुधाकरनं दार उघडलं. मास्तर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे आले. रोजच्या जागी गेले नाहीत, दाराजवळच्या सतरंजीवर टेकले आणि पाणी मागितलं. सुधाकरनं तांब्या दिला. मास्तर म्हणाले, "सगळ्या पोरांत तुमच्यासारखं पळणारं कुणी न्हाई. चेंडू काढता, ते तर मला बी कधी जमलं न्हाई. एकच गोष्ट हाय. चांगलं केलं, की तुम्ही वर बघता."

सुधाकर म्हणाला, "तुम्ही बघून राह्यले का, ते बघायचो. तुम्ही एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाई, दादा."

मास्तरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "न्हाई बघितलं. मी बघितलं असतं तर मला तूच दिसला असता, दुसरं पोर दिसलंच नसतं." अहोजाहो तिथं सुटलं. "पण अक्कानं सगळं बघितलं. एक बी पाऊल सोडलं न्हाई. पुढल्या साली मी तुला दिसणारच न्हाई. बघतो का न्हाई, तुला कळणार न्हाई. नुसतं खेळ."

सुधाकरनं तांब्या उचलला. मग आतून यमुनाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "पाव्हणे च्या घेऊन जाणार, का जेवूनच?" सुधाकर फस्सकन हसला. मास्तरही हसले. मी बोरं तिथंच ठेवली आणि मागच्या दारानं निघाले, कारण घरी एक पोर उंबऱ्यावर बसलं होतं आणि त्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

किसन हैदराबादेला जाऊन आला. सामना हरले, पण चारमिनार बघितला. पुढच्या साली तो वयानं बाद झाला. त्या थंडीत मास्तरांनी आमच्या माळवदावर दोरी बांधली आणि म्हणाले, "अक्का, एक गोधडी द्या." ती दोरीवर टाकून तिच्याआड बसले. फटीतून एका डोळ्यानं बघायचे, तेही दुसऱ्या पोरांना. सुधाकर माझ्याकडं होता. त्यानं सामनाभर एकदाही वर बघितलं नाही. चेंडू गेला की मागं पळायचा, खाली मुंडी घालून.

सामना संपायला थोडा वेळ होता. मी म्हटलं, "मास्तर, सुधाकरचं मी सांगते, लिहा नाव. ह्यात माझं कुणी न्हाई, कुणी बोट दाखवणार न्हाई."

त्यांनी विचारलं, "बिलकुल?"

"बिलकुल. आता निवड झाली. आता बाप म्हणून बघा."

मास्तरांनी गोधडी एका बाजूला सारली आणि बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. तसं बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराची कडी कुणी वाजवली नाही, आणि यमुनाबाईंनी गल्लीला पेढे वाटले.

किसन आता शेजारच्या गावात मास्तरकी करतो. त्याच्या शाळेतल्या राहिलेल्या पोरांच्या घरी तो जातो, पाणी मागतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्यानं बघितलं.

मास्तर, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत आणि नजर अशीच लांबवर जावो. यंदा शिडीची मोडकी पायरी बदलून घेतली आहे. गोधडी तीच आहे. मिरच्या मात्र तुम्ही येण्याआधी उचलून ठेवीन, म्हणजे या खेपेला डोळ्यांत पाणी आलं तर ते कशाचं, हे तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल.