मोकळी जागा

नकाशेकाकांकडे घराचं काम घेऊन गेलं की ते पेन्सिलीला हातच लावत नसत. "खोल्यांचं मागाहून. आधी त्या घरात कोणाला काय करायचंय ते सांगा," म्हणत आणि घरातल्या एकेकाला विचारत. डोंबिवलीच्या आमच्या घराचा नकाशा काढायला ते ठाण्याहून आले, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, वैतागले. "अहो, राहायचंय. दुसरं काय करणार?" काकांनी शांतपणे चहा संपवून पुन्हा तेच विचारलं. शेवटी अण्णांनी वाचायला उजेड मागितला, मी झोपाळा.

आई दाराआडून म्हणाली, "मला जरा मोकळं व्हायला जागा हवी."

माझा तान्हा भाऊ नुकताच गेला होता. काकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या कानांनी 'मोकळी जागा' एवढंच धरलं आणि त्यांनी घर मोकळं केलं: मोठाल्या खिडक्या, आत भिंती नावापुरत्या, ओटीवरून थेट चूल दिसायची. लोक शहाडहून बघायला येत. अण्णांची मान ताठ.

पुढे एकदा काका सहज डोकावले. न्हाणीघरातून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत होता. "या वेळी आंघोळ?" त्यांनी मला विचारलं.

"आंघोळ नाही. आई रडतेय. दुसरीकडे सगळ्यांना दिसतं ना."

आई कोरड्या लुगड्यानिशी बाहेर आली. काका उठून उभे राहिले. "वहिनी, चुकलो. भिंत घालून देतो."

"राहू द्या भाऊजी. घराला सगळे चांगलं म्हणतात."

त्यानंतर ते घरोघरच्या बायकांना खोदून खोदून विचारू लागले, "मोकळं म्हणजे कसं, वहिनी?" लोक चेष्टा करत. आमच्याकडे येत ते ओटीपर्यंतच. आत पाण्याचा आवाज झाला की बोलणं अर्धवट टाकून उठत. मला त्यांची फार दया येई, आणि रागही.

मी मॅट्रिकला असताना आई गेली. घर माणसांनी भरलं. मी जाईन तिथे कोणीतरी बघत होतं, न्हाणीघराशीही बायका उभ्या. काका भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघून ते उठले. "अण्णा, चला. सगळेच चला, अंगणात बसू." कोणीतरी उन्हाबद्दल कुरकुरलं, पण त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

मी पोटभर रडले. बऱ्याच वेळाने दार किलकिलं केलं, तर काका पाठ करून उंबऱ्याशीच उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"इतक्यात नको, बाळ," ते म्हणाले. "मी आहे इथे. कोणी येणार नाही."