हनुवटीवरचा मास्क

नवऱ्याच्या नोकरीपायी मी सांगलीहून मैसूरला आले आणि इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या क्षयरोग प्रयोगशाळेत लागले. रुग्णांच्या बेडक्यातले जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहायचं, हे आमचं काम. माझ्याबरोबर एक मुलगी होती, कंत्राटावर घेतलेली. तिचे आजे-पणजे मैसुरातच वाढलेले, वडिलांचं टेलरिंगचं दुकान. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्का, माझं मराठी ऐकून हसू नको हं. अर्धं कन्नड आहे ते." परक्या गावात कुणीतरी अरे-तुरेत बोलणारं भेटलं, मला तेवढंच पुष्कळ होतं.

त्या दिवशी सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला होता. डबाही तिने नुसता उघडून बंद केला. "पित्त झालंय," म्हणाली. दुपारी आम्ही दोघी आत गेलो. मी जंतू हाताळायच्या कॅबिनेटसमोर बसले होते, आणि ती मागच्या इन्क्युबेटरमधून जंतू वाढवलेल्या काचेच्या बाटल्या काढून मला आणून देत होती. माझी पाठ तिच्याकडे होती. अचानक काच फुटल्याचा आवाज आला.

मी वळले. बाटली फरशीवर फुटली होती, आतलं गढूळ पाणी तिच्या बुटांपर्यंत उडालं होतं. ती एका हाताने इन्क्युबेटरचं दार धरून उभी होती. आणि तिचा मास्क खाली, हनुवटीवर होता.

"श्वास रोख! बाहेर!" मी ओरडले.

तिला दंडाला धरून मी बाहेरच्या खोलीत ढकललं, मागून दार लावलं, लाल पाटी अडकवली. अशी बाटली फुटली की दिसणाऱ्या पाण्यापेक्षा हवेत उडालेल्या बारीक तुषारांची भीती जास्त. आतली हवा यंत्राने बाहेर खेचून घेईपर्यंत, निदान तासभर, कुणी आत जायचं नसतं. आम्ही गाऊन, बूट, सगळं उतरवून पिशवीत बांधलं, हात-तोंड धुतलं. मी साहेबांना, म्हणजे विभागप्रमुखांना, फोन केला. मग दोघी बाकावर बसलो.

"मास्क का काढलास?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मळमळत होतं, अक्का. मास्कमध्ये श्वासच घेता येईना. एकच मिनिट काढला." आणि तिने पोटावर हात ठेवला. मला कळलं.

"घरी माहीत आहे?"

"नवऱ्याला. बाकी कुणाला नाही. मागच्या वेळी आधी सांगितलं, आणि मग राहिलंच नाही ना... तीन महिने झाल्यावर सांगणार होते. इथं कळलं तर मला लॅबमधून काढतील. कंत्राट आहे माझं." तिने माझा हात धरला. "तू सांग ना, मास्क होता म्हणून. तू एकटीनंच पाहिलंय. सांगू नको, अक्का. बेडा."

बेडा म्हणजे नको. मी तिचा हात थोपटला आणि आत जायची वेळ झाली का ते पाहिलं.

वेळ झाल्यावर मी नवा गाऊन, नवा मास्क चढवून एकटीच आत गेले. सांडलेल्यावर जाड कागद पसरले आणि कडेकडेने मध्याकडे जंतुनाशक ओतत आणलं. ते मुरेपर्यंत थांबायचं असतं. मी भिंतीशी उभी राहून विचार करत होते. मास्क होता असं सांगितलं, तर ती नुसत्या देखरेखीखाली राहील. नव्हता म्हटलं, तर लगेच तपासणी, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि जरा खोकला आला तरी डॉक्टर हातातलं काम टाकून तिच्याकडे पाहतील. पोटातल्या बाळाचं डॉक्टरांना माहीत नसेल, तर ते एक्स-रे काढतील, औषधं देतील. मग मी चिमट्याने काचेचे तुकडे डब्यात टाकले.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही शेजारी-शेजारी बसलो. त्यांनी मला विचारलं, "दोघींचे मास्क होते ना?"

मी म्हटलं, "माझा होता. तिचा खाली होता." आणि मग, तिच्याकडे न बघता, "सर, ती गरोदर आहे."

तिने मान वळवली नाही. केबिनमधून बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगायला नको होतं, मॅडम."

संध्याकाळी कॉलेजच्या डॉक्टरांचा फोन तिच्या घरी गेला आणि तिच्या सासूने उचलला. घरच्यांना बाळाची आणि क्षयाची बातमी अशी एकाच दमात कळली. तिची ताट-वाटी वेगळी केली, म्हणे. मी घरी जाऊन समजावलं असतं की तिला काही झालेलं नाही, तिच्यापासून कुणाला धोका नाही. निघालेही होते. तिने फोनवर सांगितलं, "येऊ नका." मग ती जवळच्या बन्नूर गावी मावशीकडे जाऊन राहिली. कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. दोन्ही तपासण्यांमध्ये काही निघालं नाही. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

आज कुणी विचारलं तर मी तेच सांगेन जे तेव्हा सांगितलं. तरी रात्री डोळा लागण्याआधी कधीकधी वाटतं, आधी तिला बाकावर तेवढं तरी म्हणायला हवं होतं, की मी खोटं बोलणार नाही. ती बिचारी केबिनमध्ये माझ्या भरवशावर बसली होती.

मागच्या वर्षी ती मार्केटमध्ये भेटली, फुलांच्या गल्लीत. मुलगी बोटाला धरून चालत होती. "बऱ्या आहात ना?" तिने विचारलं. मी मुलीच्या गालाला हात लावला, शाळेचं विचारलं. बोलणं संपतच आलं होतं, तेवढ्यात मुलगी खोकली. आम्ही दोघींनी एकदमच तिच्याकडे पाहिलं.

"धूळ आहे," ती घाईने म्हणाली. "सुम्ने, उगाच." आणि मुलीला कडेवर उचलून घेतलं.