धनेश सीनियर की दगडफूल?

विषय : मये येथील जुना आंबा रस्त्यासाठी न तोडण्याबाबत.
संदर्भ : सगुण मास्तरांचा अर्ज.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. डिचोलीच्या आमच्या कचेरीत आधी फायलीवर धूळ बसे, मग धुळीवर किस्से. या फायलीवर मात्र किस्से आधी बसले!

मास्तरांनी लिहिलं होतं, आंब्याच्या ढोलीत धनेश पक्षी दरवर्षी घरटं करतो आणि खोडावर दगडफूल वाढतं.

साहेब म्हणाले, "एका फायलीला एकच कारण. दोघांची तुलना करा. वरचढ ठरेल त्याच्या नावे फाईल चालवू."

"अहो साहेब, एक उडतो, दुसरं चिकटून बसतं. तुलना कसली?"

"आमच्या स्टाफातही तसंच आहे, मास्तर. तरी सीनियॉरिटी लिस्ट होतेच ना!"

*

काम माझ्याकडे आलं. मी सेवानियम उघडले. धनेश विणीपुरताच ढोलीत येतो, म्हणजे हंगामी. दगडफूल बारा महिने जागा सोडत नाही, म्हणजे कायम.

"आणि वाढ?" हेडक्लार्कनी विचारलं.

"वर्षाला नखभरसुद्धा नाही," मास्तर म्हणाले.

"मग ते आमच्यातलंच!"

*

मास्तरांनी पुढे समजावलं, दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ, दोघं मिळून एक. बुरशी घर देते, शेवाळ अन्न करतं.

हेडक्लार्कनी चष्मा काढला. "एका पदावर दोघं? मंजुरी कुणी दिली?"

*

धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. उरलेल्या फटीतून नर तिला दोन-तीन महिने फळं भरवतो. हे टाइप करताना शालिनीबाईंना घरचा नवरा आठवला आणि बोटं थांबली.

"मास्तर, असलो घोव खंय मेळटा?"

*

तेवढ्यात कंत्राटदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आंब्यापाशी पोचली. मास्तर खोडाला पाठ लावून उभे राहिले. "आधी माझ्यावर चालवा!" साहेबांनी मला पिटाळलं.

मुकादम कोल्हापूरचा. मी सांगितलं, "अर्जाचा निकाल लागेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. वर धनेश आहे, खाली दगडफूल."

त्यानं खोड निरखलं. "दगडफूल व्हय हे? आमच्या मटणाच्या मसाल्यात असतंय की! तुमी झाडावर कशाला वाळत घातलंय?"

*

तुलना पूर्ण झाली. दगडफूल ज्येष्ठ, धनेश कर्तबगार; म्हणून फाईल दगडफुलाच्या नावे. निकाल कळवायचा तेवढा राहिला. पण भाषेचा वाद नुकताच निवला होता. कळवायचं मराठीत की कोंकणीत? साहेबांनी पणजीला विचारलं. पणजीहून इंग्रजीत उलट विचारणा आली : आपण मराठीत का विचारले?

साहेबांची बदली झाली. कंत्राटदारानं वाट पाहिली, मग आंब्याला वळसा घालून रस्ता पुढे नेला. मी निवृत्त झालो.

अर्ज विचाराधीन आहे.