ओरिजिनल फक्त ऑफिसात

“मॅडम, पासपोर्ट ओरिजिनल द्यायचे की झेरॉक्स चालेल?”

फोन रोमहून होता. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात सकाळचे नऊ वीस झाले होते, रोममध्ये दुपारचे चार वीस. मी असिस्टन्स डेस्कवर काम करते. इथल्या कंपन्या प्रवासाला निघालेल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला एक कार्ड देतात. परदेशात चोरी, आजारपण, अपघात काहीही झालं की त्यावरच्या नंबरवर फोन करायचा. तो आमच्याकडे येतो.

बोलत होते वानखडे काका. अमरावतीचे, निवृत्त, जावयाच्या कार्डावर प्रवास करणारे. सुरुवात त्यांनी इंग्रजीत केली होती, पण माझं नाव ऐकल्यावर मराठीवर आले.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. “काका, तुम्ही सुरक्षित जागी आहात ना?”

“एकदम. दोन पोलीस आहेत समोर.”

मी स्क्रीनवर ‘सेफ’ या चौकोनात टिक केली. या केसमधली ही माझी चूक.

मुलगी, जावई आणि नात चर्चच्या घुमटावर चढायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. काका-काकू गुडघ्यांमुळे खाली बाकावर बसले होते. तिथे साध्या वेशातले दोघे आले. बनावट नोटांची तपासणी चालू आहे, पासपोर्ट आणि पाकीट दाखवा म्हणाले. काकांनी त्यांना दोन मिनिटं थांबवलं होतं, कारण एका मुद्द्यावर ते अडले होते. त्यांच्याकडे पाचही पासपोर्टच्या सही केलेल्या झेरॉक्स प्लास्टिक फोल्डरमध्ये होत्या. नियमाप्रमाणे आधी काय द्यायचं?

मागून काकूंचा आवाज आला. “अहो, देऊन टाका ना. त्या नकाशावाल्याने दिलं, त्याचं झालंसुद्धा.”

“नकाशावाला कोण?” मी विचारलं.

“एक टूरिस्ट. आम्हाला रस्ता विचारत होता, तेवढ्यात हे आले. त्याने लगेच पाकीट दाखवलं. यांनी बघून परत दिलं.”

मी टिक काढली. हा तिघांचा खेळ असतो. पहिला टूरिस्ट बनून तुम्हाला बोलण्यात गुंतवतो. मग दोन ‘पोलीस’ येतात. टूरिस्ट मुकाट्याने आपलं पाकीट देतो आणि ते परत मिळवतो, म्हणजे तुम्हीही देता. तुमचं मात्र परत येत नाही, किंवा हलकं होऊन येतं. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. चालू फोनवर पहिल्यांदाच ऐकत होते.

“पासपोर्ट कुठे आहेत?”

“माझ्या बॅगेत. पाचही. सगळ्यांचे माझ्याकडेच असतात.”

इथे खरा धोका होता. मुलगी आणि जावई अमेरिकेत वर्क व्हिसावर. तो व्हिसा पासपोर्टमध्ये चिकटवलेला असतो. पासपोर्ट गेला की आधी नवा पासपोर्ट, मग परत व्हिसा. त्यात आठवडे जातात, आणि तोवर अमेरिकेत परतता येत नाही. जावई सोमवारी कामावर हजर होणार होता.

सुपरवायझर ग्रेगला मेसेज टाकला. त्याने आपला हेडसेट माझ्या लाइनवर जोडला आणि रोममधल्या आमच्या एजंटला दुसरा फोन लावला. एजंट खऱ्या पोलिसांना कळवणार होता. त्याला चार-पाच मिनिटं लागणार होती. आमच्याकडे तेवढी नव्हती.

“काका, फोन स्पीकरवर आहे का?”

“हो. त्याशिवाय मला ऐकू येत नाही.”

म्हणजे ते दोघेही ऐकत होते. मराठी त्यांना कळणार नव्हती, पण माझी मराठी इथली, अर्धी इंग्रजी. ‘फेक पोलीस’ एवढं कानावर पडलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

तेवढ्यात स्क्रीनवर ग्रेगची ओळ आली. “इंग्लिशमध्ये बोल. कॉल रेकॉर्ड होतोय.”

मी लिहिलं, “ते ऐकतायत.”

त्याचं उत्तर आलं, “चालू ठेव.”

“काका, शांतपणे ऐका. चेहरा बदलू नका. हे दोघे तोतये आहेत. तो नकाशावालाही त्यांचाच.”

“असं कसं? ओळखपत्र दाखवलं त्यांनी. फोटो आहे, शिक्का आहे.”

“हातात दिलं?”

“नाही. दुरून.”

“तुम्ही नोकरीत काय करत होतात?”

“इंजिनीअरिंग कॉलेजात. प्रवेशाची कागदपत्रं तपासायचो. तीस वर्षं.”

“तुमच्या खिडकीवर कुणी दुरून कागद हलवून दाखवला असता तर?”



“परत पाठवला असता,” काका म्हणाले.

“आणि तुम्ही कधी कुणाची मूळ कागदपत्रं रस्त्यावर घेतली?”

“काहीतरीच काय. कचेरीत, खिडकीवर, दहा ते एक.”

“मग यांनाही तेच सांगा. पण बॅग ओढली तर सोडून द्या.”

“जावयाचं सगळं त्यात आहे, बेटा.”

“माहीत आहे. तरी सोडा.”

त्यानंतर काका इंग्रजीत बोलले. आवाज वेगळाच होता, खिडकीमागचा. “युवर कार्ड. ओरिजिनल. इन माय हँड.” पलीकडून कुणीतरी भरभर काहीतरी बोललं. काका म्हणाले, “नो. फर्स्ट कार्ड. आय विल नोट द नंबर. देन वुई गो टु युवर ऑफिस. ओरिजिनल ओन्ली इन ऑफिस.”

“काका, समोर दुकान आहे का?”

“आइस्क्रीमचं आहे.”

“उठा आणि आत शिरा. बॅग काकूंच्या पोटाशी.”

धडपड ऐकू आली. मग काकूंचा खणखणीत आवाज: “ए, हात काय लावतो बॅगेला? लाज नाही वाटत?” ग्रेग खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभा होता. बायकांचे, मुलांचे आवाज, मग दारावरची घंटी.

“आलो आत,” काका धापा टाकत म्हणाले.

“बॅग?”

“हिच्याकडे. हिच्याकडून कोण घेतो?”

“ते कुठे आहेत?”

“चालले. पळत नाहीत, चालतायत. आणि मॅडम, तो नकाशावालासुद्धा त्यांच्याच मागे चाललाय.”

सहा मिनिटांनी गणवेशातले खरे पोलीस दुकानात आले. काकांनी आधी त्यांचंही कार्ड हातात मागितलं. त्यांनी ते दिलं. काकांनी नंबर डायरीत लिहून घेतला. जावई सोमवारी शॉमबर्गमध्ये कामावर गेला.

नियम मोडून रेकॉर्डेड लाइनवर इंग्रजी सोडल्याबद्दल माझ्या फाइलला एक शेरा लागला. तो ग्रेगनेच लिहिला. त्या कॉलचं भाषांतर कोण करणार, असंही त्यानेच विचारलं, आणि ते मलाच करावं लागलं. आमच्या फॉर्ममध्ये मात्र एक ओळ वाढली. ‘सुरक्षित आहात का?’ याच्या खाली आता विचारतात: सोबत कोण आहे, आणि ते तेच आहेत हे तुम्हाला कशावरून कळलं?

वाचकांसाठी सांगायचं तर, पाच पासपोर्ट पाच जणांकडे ठेवा. आणि कुणी रस्त्यात कागद मागितले तर ठाण्यावर चला म्हणा. खऱ्या पोलिसाला घाई नसते.

दोन आठवड्यांनी वानखडे काकांची ईमेल आली. झाल्या प्रकाराचं पत्र हवं होतं, कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मी स्कॅन पाठवला. उलट टपाली उत्तर आलं: स्कॅन चालणार नाही.